भूक आणि कमरेचा घेर

उज्जैनच्या टॉवर चौकात संध्याकाळी पाणीपुरी आणि साबुदाणा खिचडीच्या गाड्यांभोवती गर्दी असते; ती पाहून ‘लोकांचा जिभेवर ताबाच नाही’ असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. भुकेचं बरंचसं गणित आधीच्या खाण्यात ठरतं. माळव्याची सकाळ घ्या: वाफेवर गरम ठेवलेले पोहे, वर शेव, कांदा, जिरावण मसाला आणि शेजारी जिलेबी. यात पिष्ट आणि साखर भरपूर, प्रथिनं नावाला. रक्तातली साखर झपाट्याने चढते, तिला आवरायला इन्सुलिन धावतं आणि काहींच्या बाबतीत दोन-तीन तासांनी साखर आधीपेक्षाही खाली जाते. मग भूक लवकर लागते. त्यात निश्चय करून वजन उतरवलं, तरी पोटात तयार होणारं भुकेचं संप्रेरक घ्रेलिन वाढतं आणि तृप्तीचा निरोप देणारं संप्रेरक लेप्टिन घटतं. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात हा बदल वर्षभरानंतरही टिकून होता. अशा माणसाला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

आपल्याकडे तर वजनकाटाही फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पोटात खोल साठलेली चरबी यकृताला इन्सुलिनचं ऐकू देत नाही, म्हणून भारतीय पुरुषाने ९० आणि स्त्रीने ८० सेंटिमीटरच्या आत कंबर ठेवावी, असं डॉक्टर सांगतात. ‘आजोबा हेच पोहे-जिलेबी खाऊन ठणठणीत होते’ हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. आजोबांचं अंगमेहनतीचं काम आणि दोन जेवणांमधला रिकामा वेळ आपण टिकवला नाही. तो वेळ परत आणा, हा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा आग्रह महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला, हे चांगलंच झालं. मात्र चीनमधल्या ग्वांगझूमध्ये वर्षभर चाललेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उष्मांक सारखेच कमी केल्यावर, खाण्याच्या वेळा आखडून वेगळा लक्षणीय फायदा दिसला नाही. ताटात काय आणि किती, हा प्रश्न उरतोच. तो सोडवायला महागडं काही लागत नाही: आधी मोड आलेले मूग किंवा उकडलेले हरभरे, काकडी, मग पोहे, तेही निम्मे. भाज्या आणि प्रथिनं आधी खाल्ली, तर नंतरच्या पिष्टाने साखर कमी चढते, हे मधुमेहींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.