ढाल फडताळावर, कागद गादीखाली

मैत्रिणींनो, माझी धाकटी खो-खो खेळते. बुधवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तिच्या ढालीला मी फडताळावर मानाची जागा दिली. प्रमाणपत्रं मात्र गादीखाली सारली. तिथंच चुकलं हो!

खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पण आपोआप नाही. शाळेनं प्रस्ताव करायचा, तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत बोर्डात जायचा. ऐन वेळी पाहते तो प्रमाणपत्रावर एक जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरीच! दुरुस्ती होऊन येईतो मुदत टळली. पोरगी रडली नाही. नुसती नी-कॅप हातात घेऊन बसून राहिली. मला मेलीला घास गिळवेना.

तेव्हा माझं ऐका. प्रमाणपत्र हाती आलं की त्याच दिवशी नाव आणि तारीख दाखल्याशी ताडून बघा. अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकं घ्यायला जालच, तेव्हा दोन झेरॉक्स काढा. मुदत कधीची, ते क्रीडाशिक्षकांना आधीच विचारा. अकरावीला कॉलेज निवडताना नुसते टक्के पाहू नका. मैदान आहे का, मुलींचा संघ आहे का, तेही बघा. शालेय स्पर्धांत १९ वर्षांखालचा गट असतो, म्हणजे बारावीपर्यंत खेळता येतं. पुढं राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे; तिथंही हीच प्रमाणपत्रं तपासतात.

आमची आता अकरावीत पुन्हा मैदानावर जाते. फडताळात ढालीशेजारी एक फाईल आहे. ती मात्र मी सांभाळते.