नऊ तासांचं दूध

सातपूर एमआयडीसीत नोकरी, जाण्यायेण्यासकट नऊ तास घराबाहेर. कायद्याने मिळालेली 26 आठवड्यांची रजा संपली तेव्हा लेक पाच महिन्यांची होती. फ्रिजमधलं दूध पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढंसं पुरेल का तिला?"

एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी 750 मिली आईचं दूध पितं. म्हणजे तासाला तीसेक मिली. नऊ तासांना 270. मी 90 मिलीच्या तीन बाटल्या ठेवते, आणि अडीअडचणीला एक छोटी. कमीजास्त लेकच ठरवते.

प्रत्येक बाटलीमागे माझी जेवणाची सुट्टी असते. म्हणून आईंना एवढंच सांगितलं: रडली की लगेच बाटली नको, आधी कडेवर घ्या. बऱ्याचदा तिला तेवढंच हवं असतं.