सासूबाईंची आंबट चटणी

काय सांगू मैत्रिणींनो, कधी कधी आपल्याच घरातली गोष्ट परक्या देशाला वळसा घालून आपल्याला कळते! यंदाच्या मे महिन्यात आमच्याकडे तसंच झालं.

आमचा मुलगा पुण्याला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरीला. सुट्टीत वडशाला गाडीतून उतरून कुरखेड्याला आला तो पिशवीत एक काळपट बाटली घेऊनच. "आई, आज थायलंडचा बेत. तू नुसती बस."

थायलंडच्या ईशान्येला ईसान म्हणून भाग आहे. आपल्या गडचिरोलीसारखाच भात पिकवणारा. तिथे मांस निखाऱ्यावर भाजतात आणि झणझणीत चटणीत बुडवून चिकट भाताबरोबर खातात. तिकडे ते गोमांसाचं करतात. आमच्या घरात ते चालायचं नाही, म्हणून त्याने बोकडाच्या मांडीचं बिनहाडाचं मटण अर्धा किलो आणलं. पातळ काप केले. दोन चमचे कच्च्या पपईचा कीस, ठेचलेला लसूण, मिरपूड आणि बाटलीतला खारवलेल्या माशांचा रस चोळून अर्धा तास ठेवलं. निखाऱ्यांवर राख धरली की मग जाळी ठेवायची, नाहीतर मटण वरून करपतं आणि आत कच्चं राहतं, बरं का!

खरी गंमत चटणीत. दोन चमचे तांदूळ कोरडेच बदामी भाजून जाडसर कुटायचे. चार सुक्या मिरच्या भाजून कुटायच्या. माशांचा रस आणि लिंबाचा रस तीन-तीन चमचे, चमचाभर गूळ, बारीक कांदा, कोथिंबीर. तांदळाची पूड अगदी पानं वाढताना घालायची. आधी घातली तर फुगते आणि चटणीची पेज होते. बाटली मिळाली नाही तर वाळलेले झिंगे भाजून पूड करा, मीठ घाला. चव तीच नाही, पण जवळपास जाते.

आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. दात नाहीत, आणि दोन महिने अन्नावरची वासनाच उडालेली. मटण त्यांना चावणार नव्हतं. त्यांनी नुसतं चटणीत बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि नातवाला म्हणाल्या, "मुंग्या नाई टाकल्या का रे, बाबू?"

सगळे हसले. मला मात्र हसू येईना.

पस्तीस वर्षांपूर्वी मी नागपूरहून नवी नवरी म्हणून या घरात आले. शेजारच्या गोंड मावशींकडून शिकलेली लाल मुंग्यांची चटणी सासूबाई पाट्यावर वाटत होत्या. मी तोंडाला पदर लावला आणि पानावरून उठले. त्यानंतर ती चटणी घरात झाली नाही. मला वाटलं, विसरल्या असतील.

रात्री पाय चेपताना विचारलं. म्हणाल्या, "तुले नाई आवडे, मंग कायले करावं?" ना राग, ना टोमणा. माझी मान वर होईना.

मुलाने सांगितलं, ईसानमध्येही हीच लाल मुंगी आणि तिची अंडी चवीने खातात. ओडिशातल्या सिमिलिपालच्या मुंग्यांच्या चटणीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे जगाने मान दिला त्या चवीला माझ्या घरात मीच दार लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या सुनेबरोबर आंब्याखाली गेले. पानं शिवून केलेलं मुंग्यांचं घरटं तिने काठीने अलगद पाण्याच्या टोपल्यात पाडलं. मुंग्या धुतल्या, पाट्यावर घेतल्या. लसूण, हिरवी मिरची, मीठ. वाटलं मीच. हात थरथरत होते, पण वास आला तो लिंबासारखा आंबट, स्वच्छ! मुंगी चावली की अंगावर गांधी उठणाऱ्यांनी मात्र ही खाऊ नये.

सासूबाईंनी त्या चटणीशी दोन मुठी मऊ भात खाल्ला. मीही खाल्ली. अहो, छान लागते!

मैत्रिणींनो, थायलंडची चटणी अवश्य करून पाहा. पण त्याआधी एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्यासाठी त्यांनी गुपचूप काय खायचं सोडलंय.