तांबडी रेघ

मनुष्याच्या स्वभावाची खरी पारख प्रवासांत होते, असें जुनीं माणसें म्हणत. आम्हांस ती सोय संगणकानें घरबसल्या करून दिली. टेबलावर पडदा, पुढें कळफलक, शेजारीं माउस आणि खुर्चींत एरवीं शांत व सुशील म्हणून आळींत नांवाजलेला गृहस्थ, असें हें चित्र असतें. परंतु एखादी फाईल उघडेनाशी झाली कीं, हाच गृहस्थ त्या निर्जीव पेटीस उद्देशून असें कांहीं बोलूं लागतो कीं, घरांतील मंडळींनीं स्वयंपाकघराचें दार लोटून घ्यावें! गेलीं पंचवीस वर्षें आम्ही या यंत्रावर लिहीत आहों, आणि तेवढींच वर्षें आमच्या घरांतील तें दार लोटलें जात आहे.

तक्रारी सांगूं लागलों तर मासिकाचा अंक पुरावयाचा नाहीं. वाक्याच्या ऐन मध्यावर 'सुधारणा चालू आहे, संगणक बंद करूं नका' अशी आज्ञा व्हावी, आणि मोठ्या कष्टानें जुळून आलेलें वाक्य पडद्यावरच्या फिरत्या ठिपक्यांबरोबर गरगरत निघून जावें, हा अनुभव कोणास नाहीं? दुसरा छळ 'ऱ्य'चा. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत पाटावर बसणारा आणि चुलीपुढें घाम गाळणारा एवढें अंतर आहे. त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या 'र'साठीं खालीं टिंब असलेला 'ऱ' घ्यावा, त्यास हलन्त जोडावा आणि मग 'य' द्यावा, ही युक्ति आम्हांस कळेपर्यंत किती आचाऱ्यांना आम्हीं फुकट आचार्यपद बहाल केलें असेल, याची गणति नाहीं. आणि तिसरी तक्रार शब्दाखालीं उमटणाऱ्या तांबड्या नागमोडी रेघेची. आरंभीं यंत्राजवळ मराठीचा कोशच नव्हता. त्यामुळें आमचा प्रत्येक शब्द त्यास अशुद्ध वाटे, आणि लेखाचें पान पंतोजींनीं तपासलेल्या नापास मुलाच्या वहीसारखें दिसे. पुढें मराठी कोश आला. रेघा कमी झाल्या. पण गेल्या नाहींत.

तथापि केवळ रडगाणें गाणें कृतघ्नपणाचें होईल. एकदां एका लेखांत 'वडील' हा शब्द काढून सर्वत्र 'बाबा' घालावा, असें आमच्या मनांत आलें. 'सर्व बदला' अशी आज्ञा देतांच यंत्रानें ती इतक्या इमानानें पाळली कीं, लेखांतील 'वडीलधारीं माणसें' क्षणांत 'बाबाधारीं' झालीं आणि 'वडीलकी'ची 'बाबाकी' होऊन बसली. 'वडिलांनीं' मात्र जागचे हलले नाहींत, कारण त्यांचा इकार ऱ्हस्व! आम्ही कपाळास हात लावणार तोंच कंट्रोल आणि झेड या दोन कळांची आठवण झाली. बोटें टेकलीं मात्र, सारीं वडीलधारीं माणसें आपापल्या जागीं परत आलीं. झालें गेलें पुसून टाकण्याची ही सोय वापरतांना आम्हांस अजूनही लहान मुलासारखा आनंद होतो.

तो लेख आमच्या वडिलांविषयींच होता, आणि तो पुरा झाला नाहीं. त्याचें कारणही एक फाईलच.

बाबा कचेरींत मराठी टंकलेखन करीत. १९९९ सालीं घरीं संगणक आला, तेव्हां साठी उलटलेल्या बाबांनीं टंकयंत्राच्याच धर्तीवर चालणारा एक मराठी फॉन्ट पसंत केला, आणि रोज सकाळीं चहानंतर तासभर आपल्या आठवणी लिहिण्याचा क्रम धरला. त्या वाचा, असें त्यांनीं आम्हांस कधीं म्हटलें नाहीं, आणि आम्हींही त्या कधीं मागितल्या नाहींत. त्यास कारण होतें. १९९६ सालीं आम्हीं कायमची नोकरी सोडून लेखन-भाषांतराचा बेभरवंशाचा धंदा पत्करला, त्या दिवशीं बाबा एक शब्दही न बोलतां ताटावरून उठले होते. तो राग त्यांच्या मनांतून गेला नाहीं, अशी आमची समजूत होती. आणि असल्या गोष्टी बोलून दाखविण्याची रीत आमच्या घरांत नव्हती. २००९ सालीं ते गेले. ती फाईल मात्र आम्ही प्रत्येक नव्या यंत्रांत उतरवून घेत गेलों, पण न उघडतां.

गेल्या वर्षीं धीर करून ती उघडली. तों पडद्यावर पौंडाची खूण, उलटें प्रश्नचिन्ह, डोक्यावर टिंबें आणि टोप्या घातलेलीं रोमन अक्षरें, अशीं पानांमागून पानें! बाबांचें जुनें सॉफ्टवेअर या यंत्रावर चालेना, आणि तो फॉन्ट तर केव्हांच हरवलेला. त्या रात्रीं आम्हांस जेवण गेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं भाच्यास बोलाविलें. तो म्हणाला, "मामा, अक्षरं कुठं गेलेली नाहीत. आहेत तिथंच आहेत. दिसत नाहीत एवढंच."

खुलासा असा. त्या काळच्या फॉन्टांत २५६ घरें असत, आणि तीं रोमन लिपीच्या हिशेबानें वांटलेलीं असत. मराठी फॉन्ट करणारे त्याच घरांत देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवीत. कोणता तुकडा कोणत्या घरांत, हें ज्यानें त्यानें आपल्या मनानें ठरवावें. फॉन्ट आहे तोंवर भाडेकरू मराठी. फॉन्ट गेला कीं मूळ मालक दारांत उभे! १९९१ सालीं युनिकोडाची पहिली आवृत्ति निघाली. तिनें देवनागरीस १२८ घरें हक्कानें दिलीं, आणि कोणत्याही फॉन्टांत 'क' हा 'क'च राहील अशी व्यवस्था केली. पण ती घरोघरच्या यंत्रांत रुळण्यास काळ लागला, आणि बाबांचें लिहिणें त्या मधल्या काळांत सांपडलें.

जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडांत उतरविणारीं परिवर्तकें कांहीं खटपट्या लोकांनीं करून ठेविलीं आहेत. भाच्यानें त्यांपैकीं एकांतून फाईल काढली. मराठी दिसूं लागली. परंतु दोन ठिकाणीं यंत्राची बुद्धि चालेना. टंकयंत्रावर ऱ्हस्व इकार डावीकडे दिसतो म्हणून अक्षराच्या आधीं उमटवितात. युनिकोडांत तो उच्चाराप्रमाणें अक्षरानंतर येतो. रफाराचें याच्या उलट: तेथें नंतर, येथें आधीं. या अदलाबदलींत इकार ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळास लटकूं लागले, आणि 'सूर्य'चा 'र्सूय' झाला. एकशेंचाळीस पानें! हातानें दुरुस्त करण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

पहिले दोन दिवस आमच्या घरांतील दार पुष्कळदां लोटलें गेलें. मग हळूहळू ध्यानांत आलें कीं, शुद्ध मजकूर हातीं येतां तर आम्ही तो एका दुपारीं चाळून मोकळे झालों असतों. आतां अक्षरास अक्षर लावून वाचणें भाग पडलें. टंकयंत्राच्या ओळीअखेरची घंटी, कचेरीच्या जिन्यावरचा चहा, पगाराच्या दिवशीं आईनें दूध, भाडें, शाळा अशीं नांवें घालून ठेवलेलीं पाकिटें, सारें एकेका इकारानें पुढें सरकत होतें. त्र्याण्णवाव्या पानावर आम्ही थबकलों. 'मुलानें नोकरी सोडली. मला राग आला नव्हता,' एवढें सरळ होतें. पुढचा शब्द मोडलेला: एक 'भी', वर्तुळास लटकलेला इकार, आणि एकटा 'त'. इकार पुसला, 'त'च्या पुढें पुन्हां दिला. 'भीति' असा शब्द झाला. 'भीति वाटली. बोललों असतों तर आवाज कापला असता, म्हणून उठलों.'

तेरा वर्षें आम्ही त्यांना रागावलेले समजत होतों. त्यांपैकीं कित्येक वर्षें हें वाक्य शेजारच्या खोलींतील यंत्रांत लिहिलेलें होतें. त्या दिवशीं पुढें दुरुस्ती झाली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पाहतों, तों 'भीति'खालीं तांबडी रेघ. १९६२ सालीं शुद्धलेखनाचे नवे नियम आले, शब्दाअखेरचा इकार दीर्घ झाला आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. बाबांचें शिक्षण त्यापूर्वींचें. खासगी लिहिण्यांत त्यांनीं जुनी रीत सोडली नव्हती. यंत्रानें अदबीनें 'भीती' असें सुचविलें. एका टिचकीसरशीं रेघ गेली असती. आम्हीं ती राहूं दिली.

अर्धवट राहिलेला लेख आतां असा पुरा करीत आहों, आणि तो बाबांच्याच शुद्धलेखनांत. वाचकांस अनुस्वारांचा जाच झाला असल्यास क्षमा असावी. या घटकेस पडद्यावर ओळीओळीखालीं तांबड्या रेघा उमटल्या आहेत, आणि घरांतील मंडळी दारांत उभी राहून विचारीत आहेत कीं, इतक्या चुका दाखवूनही आज यंत्रास बोलणीं कशीं नाहींत?