एक आडवी रेघ

मराठवाड्यातल्या वाशीला आमच्या शेजारी राहणाऱ्या आण्णांनी नोकरीभर पाऊस मोजला. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, आतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून मिलिमीटर वाचायचे आणि लिहायचे. आभाळ कोरडं असलं तरी जायचंच. शून्यसुद्धा बघून लिहायचं असतं, असं ते म्हणत. सरकारी नोंदवहीखेरीज एक वही ते घरी ठेवायचे.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी ती वही मागून घेतली. एका जुलैत अकरा दिवस आकडा नव्हता, नुसती आडवी रेघ होती. काकू आजारी होत्या आणि आण्णा त्यांना घेऊन बार्शीला दवाखान्यात होते. मी भूम आणि कळंबच्या आकड्यांची सरासरी काढून ते अकरा दिवस भरले. आलेख सलग झाला, देखणा झाला. कौतुकानं मी तो आण्णांना दाखवायला नेला.

त्यांनी चष्मा लावला, तारखा वाचल्या आणि बोट ठेवलं. "ह्या दिवशी मी हितं नव्हतो. मग हे मोजलं कुणी?"

"सरासरी काढली, आण्णा."

"काढ की. त्याला काय होतंय. पर सरासरी हाय असं लिव्ह. माझ्या वहीतनं घेतलं म्हणू नको." थोड्या वेळानं म्हणाले, "पाऊस पडला न्हाई, हे येगळं. अन् मी बघितला न्हाई, हे येगळं."

ते रागावले नव्हते. मला मात्र आतून लाज वाटली, कारण ते अकरा दिवस भरताना आपण काही लपवतोय असं मनातही आलं नव्हतं. मी आलेख पुन्हा काढला. अकरा दिवसांची जागा मोकळी ठेवली, अंदाज वेगळ्या रंगात दाखवला, खाली टीप दिली. संशोधनातला प्रामाणिकपणा मला कुठल्या अभ्यासक्रमानं शिकवला नाही. तो ओसरीवर पाच मिनिटांत शिकलो.

पुढे अनेक वर्षांनी संशोधनाचा दर्जा सुधारणाऱ्यांसाठी असलेल्या एका पारितोषिकाच्या समितीवर मला बसवलं गेलं. समोर अर्जांचे गठ्ठे. प्रत्येकात निबंधांची संख्या, नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर, किती जणांनी उल्लेख केला याचे आकडे. मला आण्णांचं बोट आठवलं: हे मोजलं कुणी? ही शंका पोकळ नव्हती. २०१८ मध्ये पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं होतं, की विद्यापीठांच्या शिफारशीवरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत शिरलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत. कुणाचा पत्ताच सापडत नव्हता, कुणी इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल खोटं सांगत होतं. तिथले निबंध मोजून माणूस कसा जोखणार?

त्या लेखाचे एक सहलेखक कॅनडाचे डेव्हिड मोहर. संशोधनातल्या सचोटीवरच्या २०१९ च्या हाँगकाँग परिषदेसाठी संशोधकांना जोखण्याची जी तत्त्वं मांडली गेली, त्यांच्या लेखकांत तेच पहिले. निष्कर्ष मनासारखा येवो न येवो, सगळं मांडलं का? विदा आणि पद्धत इतरांना खुली केली का? दुसऱ्यांचे निबंध तपासणं, नवख्यांना हाताशी धरणं, याला किंमत दिली का? वाचताना वाटलं, यातलं निम्मं वाशीत घडलेलं मी पाहिलंय.

जोखणं तरीही अवघड आहे. बर्लिनला २०२१ पासून संशोधनाच्या दर्जासाठी आइनस्टाइन फाउंडेशनचं पारितोषिक देतात, सुरुवातीला ते एकूण पाच लाख युरोंचं होतं. २०२४ मध्ये वैयक्तिक पारितोषिक एलिझाबेथ बिक यांना मिळालं. त्यांनी वीस हजारांहून अधिक जैववैद्यकीय निबंधांतली चित्रं नुसत्या नजरेनं तपासली होती. २०१६ च्या त्या अभ्यासात ३.८ टक्के निबंधांत गडबडीची चित्रं निघाली. हे काम दिसतं, मोजता येतं. पण ज्यानं खोटा आकडा लिहिलाच नाही, त्याचा पुरावा कुठून आणायचा?

आमच्याकडे एका अर्जाला शुद्धिपत्र जोडलेलं होतं. स्वतःच्याच छापलेल्या निबंधातली चूक त्या तरुण संशोधिकेनं स्वतः शोधून कळवली होती. एक सदस्य म्हणाले, हे तिच्या विरोधात जातं. मी अर्धा तास भांडलो. माझ्या लेखी सगळ्या गठ्ठ्यातला सर्वांत भक्कम कागद तोच होता. पारितोषिक तिला मिळालं नाही, शिफारसपत्रात तिचा उल्लेख राहिला. तेवढ्यावर मी समाधान मानलं नाही, आजही मानत नाही.

त्या रात्री घरी येऊन मी माझा जुना प्रबंध काढला. ऋणनिर्देशात मार्गदर्शक आहेत, ग्रंथालय आहे, टंकलेखकसुद्धा आहे. पावसाच्या आकड्यांपुढे नुसतं कार्यालयाचं नाव. आण्णा कुठेच नाहीत.

आण्णा आता नाहीत. वही काकूंनी मला दिली. प्रबंधाला एका ओळीचं शुद्धिपत्र जोडावं म्हणून मी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पत्र पाठवलं आहे. त्यात त्यांचं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट.