सावल्यांची तजवीज

हातात मावणारे ते चिमुकले खेळणे उन्हात तिरपे धरून त्याचा करडा पडदा निरखला, म्हणजे एरवी चेंडू झेलताना दिसणाऱ्या त्या कसरतपटूच्या साऱ्या मुद्रा, इकडे झुकलेले हात, तिकडे झुकलेले हात, चेंडूंच्या कमानींतील यच्चयावत स्थाने, फिकट छायारूपाने एकाच वेळी तेथे हजर असल्याचे दिसते; आणि ज्या गतीला आपण भुललो ती केवळ आळीपाळीने प्रकटण्याची व लोपण्याची लीला होती, हे उमगून मन क्षणभर स्तब्ध होते.

क्योतोच्या निंटेंडो कंपनीने १९८० साली काढलेल्या ‘गेम अँड वॉच’ मालिकेतील हा पहिला खेळ, ‘बॉल’. त्याचा कर्ता गुनपेई योकोई हा १९६५ साली कंपनीत रुजू झाला तो हानाफुदा पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची निगा राखण्याच्या कामावर. शिंकान्सेन गाडीत कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबीत बसलेला पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. कॅल्क्युलेटरांच्या चढाओढीत द्रवस्फटिकाचे पडदे मुबलक व स्वस्त झालेच होते. मुरून जुन्या झालेल्या विद्येला आडवाटेने नव्या कामी लावावे, हा योकोईचा बाणा, आणि शार्प कंपनीने पडदे पुरविले.

तत्पूर्वी, १९७६ साली, अमेरिकेत मॅटेल कंपनीच्या ‘ऑटो रेस’ या खेळात मोटार म्हणजे तांबड्या उजेडाची एक रेघ होती, बाकीची मोटार मुलाने मनात उभी करायची. द्रवस्फटिकाची रीत निराळी. दोन काचांमधील त्याच्या पातळ थरातले रेणू पीळ घेऊन रचलेले असतात व प्रकाशाला वळवून पार नेतात. विजेचा दाब लागताच तो पीळ उलगडतो, प्रकाश अडतो, आणि पारदर्शक विद्युतवाहक थर ज्या आकाराचा कोरला असेल तेवढीच जागा काळी होते. म्हणून चित्रकाराला प्रत्येक हात, प्रत्येक चेंडू, खाली पडून फुटलेला चेंडूसुद्धा, आधीच मुक्रर करावा लागे, आणि एक आकृती दुसरीवर येता कामा नये. या सक्तीतून जी रेखीव, निःसंदिग्ध मूर्ती जन्मली, तिच्यापुढे आजचे लक्षावधी ठिपक्यांचे झगमगते पडदे मला फार उधळे वाटतात.

पडद्याला स्वतःचा प्रकाश नाही. तो खिडकीतून यायचा. खेळ थांबला की तेथेच वेळेचे आकडे उमटत. आणि बटणासारख्या त्या दोन बॅटऱ्या काढून ठेवल्या, तरी तिरप्या उन्हात तो कसरतपटू साऱ्या मुद्रांनिशी, एकही चेंडू न वगळता, उभाच असतो.