खोल पाण्यातले पाचारण

पाचारण हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे सेमिनरी वा मठ उभा राहतो. वस्तुतः प्रत्येक प्रामाणिक व्यवसाय हे पाचारणच होय. तथापि समुद्रापासून दूर, आमच्या जयसिंगपुरात वाढलेला एखादा डिप्लोमाधारक तरुण जेव्हा म्हणतो, "फादर, मला महासागराच्या तळाशी उतरणारे संशोधन-यान चालवायचे आहे," तेव्हा आम्हीही क्षणभर निरुत्तर होतो. त्याच्या मातेला तर २०२३ चा जून महिना आठवतो. टायटॅनिकचे अवशेष पाहावयास निघालेले 'टायटन' यान तेव्हा अटलांटिकमध्ये चिरडले गेले आणि पाच जण मृत्युमुखी पडले.

मातेची भीती रास्त आहे. पण ती दुर्घटना नीट समजून घ्यावी. त्या यानाचे स्वतंत्र संस्थेकडून प्रमाणन झालेलेच नव्हते. याउलट अमेरिकेचे 'अल्विन' यान १९६४ पासून संशोधकांना खोल समुद्रात नेत आले आहे. त्याचे चालक बहुधा यानाची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांतूनच घडतात. यान हाती येण्यापूर्वी त्यांना त्यातील यंत्रणांचे आराखडे स्मरणातून काढून दाखवावे लागतात, परीक्षकांच्या प्रश्नांना सामोरे जावे लागते. आम्हां धर्मगुरूंना यात सेमिनरीची वर्षे आठवतात. वेदीपाशी उभे राहण्याआधी तेथेही दीर्घ तयारी होती आणि इतरांनी केलेली पारखही होती.

आपल्या देशातही हे दार उघडत आहे. चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था तिघांना ६,००० मीटर खोल नेणारे 'मत्स्य ६०००' यान उभारीत आहे. इतक्या खोलीवर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे ६०० किलोग्रॅम भार पडतो. म्हणून माणसे बसतात तो गोल टायटॅनियमचा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. रमेश आणि निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग यांनी फ्रान्सच्या 'नॉटिल' यानातून अनुक्रमे ४,०२५ व ५,००२ मीटर खोली गाठली. या वाटेचा आरंभ मात्र साधाच असतो: यंत्र, वीज वा इलेक्ट्रॉनिक्सचे पक्के ज्ञान आणि जहाजावरील हातकाम. सुताएवढ्या फरकासाठी तयार झालेला सुटा भाग बाजूला काढणारे कारागीर आपल्या परिसरातील कारखान्यांत आहेतच.

प्रभूने पेत्राला खोल पाण्यात जाळी टाकावयास सांगितले, तेव्हा पेत्र आपला धंदा जाणणारा कोळी होता, तरीही त्याने ऐकले. पालकहो, मुलाचे धाडस मोजू नका. त्याची चिकाटी, चूक दाखविली असता ती मान्य करण्याची वृत्ती आणि "आज उतरायचे नाही" असे ठामपणे म्हणण्याचे बळ पाहा. हे गुण नसतील तर त्याला प्रेमाने थांबवा. असतील तर आशीर्वाद द्या. भय उरेलच, ते रोज प्रभूच्या चरणी ठेवावे.